वाईच्या मुक्कामीं गाडीचें निदान

वाई हें गांव प्रवाशाला थांबावयास लावणारें आहे. कृष्णेचे बांधीव घाट, गणपतराव रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आणि शास्त्राध्ययनाची जुनी परंपरा, हीं तिन्ही येथें एकत्र नांदत आलीं आहेत. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथलीच. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हेही येथलेच. गांव संपलें कीं पसरणीचा घाट लागतो. अवघ्या १०-१२ किलोमीटरांत रस्ता सुमारें पावणेसहाशे मीटर चढून पांचगणीस पोंचतो. गाडीच्या अंगीं कांहीं व्यंग असेल, तर हा घाट तें झांकूं देत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां मोटार उभी असते. म्हणून वाईच्या मुक्कामांत जें पाहावयास मिळालें, तें थोडें तपशिलानें सांगतों.

२०१८ सालच्या कार्तिकांत आम्ही पुण्याहून क्षेत्र महाबळेश्वरास निघालों होतों. बरोबर ऐंशीच्या घरांतल्या आमच्या वहिनी होत्या. त्रिपुरी पौर्णिमेस कृष्णेच्या उगमाचें दर्शन घ्यावें, असा त्यांचा संकल्प होता. आमचे वडील बंधू हयात असतांना हा योग दोनदां हुकला होता, आणि पुढील वर्षाचा भरंवसा त्या स्वतःच धरीत नव्हत्या. गाडी पुतण्या चालवीत होता. गेले पंधरा दिवस गिअर पडतांना जड जात असे, म्हणून त्यानें ती पुण्यांतील एका कारखान्यांत दाखविली होती. तेथें गाडी दहा पावलेंही न चालवितां 'गिअरबॉक्स उतरवावी लागेल, ४० हजार धरून चाला' असें सांगण्यांत आलें. एवढी रक्कम एकदम काढणें त्यास अवघड होतें; तें काम परत आल्यावर पाहूं, असें त्यानें ठरविलें.

कात्रज, नीरा नदीचा पूल, शिरवळ येथपर्यंत कांहीं जाणवलें नाहीं. खंबाटकीच्या चढावर मात्र तिसऱ्यावरून दुसरा गिअर पडेना. मागें मालमोटारींची रांग आणि पुढें वळण. पुतण्यानें क्लच दोनतीनदां भराभर दाबला, तेव्हां गिअर बसला. सुरूरच्या फाट्यावरून आम्ही हळूहळू वाईंत आलों. पसरणीचा चढ समोर दिसत असतां पुढें जाण्याचा धीर कोणासच झाला नाहीं, आणि तें योग्यच झालें. चढावर खालचा गिअर न पडला तर गाडी मागें सरते. उतारावर न पडला तर ती मोकळी सुटते. मग सारा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले म्हणजे त्यांचा जोर ओसरतो. पौर्णिमेस दोन दिवस उरले होते. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, नसेल व्हायचें तर इथूनच कृष्णेला हात जोडीन." तें ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला.

पांचगणीच्या रस्त्यावर एका मिस्त्र्याचें लहानसें दुकान होतें. वयानें तिशीचा, हात तेलानें काळे. त्यानें हत्यारांस हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. एकच गिअर अडतो कीं सर्व? गाडी थंड असतां कीं तापल्यावर? उलटा गिअर घालतांना आवाज येतो काय? पुतण्यानें सांगितलें कीं सर्वच गिअर जड जातात, आणि उलट्या गिअरला खर्रकन् आवाज तर आरंभापासूनच येत आहे. मग मिस्त्र्यानें पेडलाखालचें पायपुसणें ओढून बाहेर काढलें. तें पुढें सरकलें तर पेडल तळाशीं पोंचत नाहीं आणि क्लच अर्धवटच सुटतो. कित्येक गाड्यांचा रोग एवढाच असतो, असें तो हंसत म्हणाला. आमच्या गाडीचा तेवढा नव्हता.

नंतर त्यानें इंजिन बंद करविलें आणि गिअरचा दांडा सर्व घरांतून फिरविला. तो लोण्यांत सुरी फिरावी तसा फिरला. इंजिन बंद असतांही दांडा अडता, तर दोष दांड्यापासून पेटीपर्यंत जाणाऱ्या तारांत, सांध्यांत किंवा खुद्द पेटींत शोधावा लागता. मग इंजिन सुरू केलें. आतां पहिला गिअर जड गेला. क्लच पूर्ण दाबून, चारपांच सेकंद थांबून उलटा गिअर घातला, तरी तोच खर्र आवाज! मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, क्लच दाबल्यावर आंतला दांडा थांबायला पाहिजे. हा अजून फिरतोय." शेवटीं त्यानें पेडल चारपांच वेळां भराभर दाबविलें. पेडल पायाला घट्ट लागूं लागलें आणि गिअर अलगद बसला. मिनिटभर पेडल दाबून धरलें, तसें तें पुन्हां खालीं बसत गेलें. तेव्हां कोठें त्यानें बॉनेट उघडलें. तेलाची पातळी खुणेच्या खालीं गेली होती आणि क्लचच्या लहान सिलिंडराचें रबरी टोपण ओलें होतें.

आमच्या मनांत त्या वेळीं आयुर्वेदांतील निदानपंचक उभें राहिलें. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति, या पांच वाटांनीं वैद्य रोगापर्यंत जातो. उलट्या गिअरचा आवाज हें पूर्वरूप. सर्व गिअर जड जाणें हें रूप. पेडल भराभर दाबल्यानें पडलेला उतार हा उपशय. संप्राप्ति ती अशी: सिलिंडरांतील रबराची वाटी झिजली, तेल पाझरलें, आंत हवा शिरली, त्यामुळें पायाचा जोर क्लचपर्यंत पुरता पोंचेना, क्लचप्लेट इंजिनापासून पुरती सुटेना, आणि फिरत्या दांड्यावर गिअर बसेना. आणि मूळ निदान? तें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून दर दोन-तीन वर्षांनीं बदलावें लागतें. या गाडींत तें सहा वर्षांत बदललें नव्हतें. गिअरबॉक्स बिचारी निरोगी होती.

काम चाललें असतां मिस्त्र्यानें इतर लक्षणेंही सांगितलीं. एकच गिअर खरखरतो आणि बाकीचे सुरळीत पडतात, तर त्या गिअरचें सिंक्रोचें कडें झिजलेलें असतें. हीं कडीं फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवून देतात. १९२८ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडींत ही युक्ति आली, त्यापूर्वीं चालकास दोनदां क्लच दाबून तो मेळ स्वतःच घालावा लागे. इंजिन गर्जतें पण गाडी वेग घेत नाहीं आणि जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरते आहे. पडलेला गिअर आपोआप सुटतो, तर पेटींतील खटके किंवा चिमटे झिजले असावेत, अथवा इंजिनाखालचे रबरी आधार सैल झाले असावेत. थंडींत सकाळीं गिअर जड असून गाडी तापल्यावर मोकळे होतात, तर पेटींतलें तेल पाहावें.

सिलिंडर साताऱ्याहून एस्. टी.नें यावयाचा होता, म्हणून तो दिवस वाईंतच गेला. आम्ही मेणवलीस जाऊन नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहिला. वहिनी सायंकाळीं गणपतीच्या घाटावर दिवा सोडून आल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत सिलिंडर बसला, नवें तेल भरलें, पेडल दाबून-सोडून नळींतली हवा काढली. ब्रेक आणि क्लच यांचें तेल या गाडींत एकाच डबींत असल्यानें मिस्त्र्यानें ब्रेकही तपासून दिले. सर्व मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आंत आला. पुतण्यानें वर कांहीं देऊं केलें, तें त्यानें घेतलें नाहीं.

पसरणीचा घाट आम्ही तिसऱ्या प्रहरीं चढलों. दुसरा गिअर, तिसरा, वळणावर पुन्हां दुसरा. दांडा एकदांही अडला नाहीं. खालीं धोमच्या धरणाचें पाणी चकाकत होतें, पलीकडे पांडवगड उभा होता. मिस्त्र्यानें निघतांना बजावलें होतें कीं, ज्या गिअरांत चढाल त्याच गिअरांत उतरा, न्यूट्रलवर गाडी सोडूं नका. परततांना पुतण्यानें तें अक्षरशः पाळलें.

पौर्णिमेच्या सकाळीं पंचगंगेच्या देवळांत वहिनींनीं गोमुखाखालीं तांब्या धरला. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचें तें पाणी. त्यांनीं अर्धें तीर्थ तेथेंच बंधूंच्या नांवानें सोडलें आणि उरलेलें घरच्या मुलांसाठीं जपून घेतलें.

गृहस्थाश्रमी वाचकांस आमची विनंती एवढीच. गाडीचा गिअर अडूं लागला तर कोणी पेटी उतरवावयास सांगण्यापूर्वीं चार गोष्टी स्वतः पाहाव्या: पेडलाखालीं कांहीं अडकलें आहे काय, तेलाची पातळी किती आहे, इंजिन बंद असतां गिअर पडतात काय, आणि अडतो तो एक गिअर कीं सर्व. या चारांस पैसा लागत नाहीं आणि पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. उत्तरें कागदावर लिहून कारागिराकडे न्यावीं. जो तीं लक्ष देऊन वाचील आणि आणखी दोन प्रश्न विचारील, त्याच्याच हातीं गाडी द्यावी. आणि तेल पाझरत असेल, तर तें नीट होईपर्यंत गाडी घाटांत नेऊं नये.