शंटिंगचे इंजिन

आमचे अब्बा भुसावळच्या यार्डात शंटर होते. शाळेत कुणी विचारले की आम्ही दोघे भाऊ ‘अब्बा पंजाब मेल चालवतात’ असे ठोकून द्यायचो. त्याच रुळांवर दिवसभर मागेपुढे डबे ढकलणाऱ्या माणसाची मुले म्हणवून घ्यायची आम्हाला लाज वाटे.

पुढे नोकरीनिमित्त दोघेही अमेरिकेत आलो. तळघरात छोटी रेल्वे मांडायचा नाद लागला. माप एच-ओ, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या 87 पट लहान. जागा थोडी, वळणे तीव्र. म्हणून मेलचे लांब इंजिन सोडून शंटिंगचेच घ्यायचे ठरले. पारखायला दोन जुनी इंजिने आणली. एक 1966 ते 1974 या काळात बनलेल्या एसडब्ल्यू-1500 ची प्रतिकृती, दुसरी 1940 च्या दशकातल्या आल्को एस-2 ची. पहिले दिमाखदार आणि पळायला चपळ. आमचा कल तिकडेच होता.

अब्बा तेव्हा आमच्याकडे आले होते. थोडा वेळ पाहून म्हणाले, “पळते तर कुठलेही. हळू चालवून दाखवा.”

हिशेब केला. ताशी 5 मैल म्हणजे या मापात सेकंदाला 1 इंच. रुळाशेजारी फूटपट्टी ठेवली. एक फूट जायला 12 सेकंद लागायला हवेत. दिमाखदार इंजिन सांध्यावरच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर पोचले आणि थांबले. त्याची निम्मीच चाके वीज घेत होती. आल्कोची आठही चाके वीज घेत. ती पुसून घेतली, तसे ते मुंगीच्या पावलाने सांधा ओलांडून गेले.

मग अब्बांनी एका डब्यावर खडूचा तुकडा उभा केला आणि बटण स्वतःच्या हातात घेतले. इंजिन डब्याला जोडले गेले. खडू हलला नाही.

“मध्ये सांधेवाला शिरतो,” ते म्हणाले. “धक्का बसला की त्याचे घर बुडाले.”

आम्ही आल्को ठेवले. पंजाब मेलची थाप मात्र अब्बांना सांगायची राहूनच गेली.

आता अब्बा नाहीत. मुले इंजिन जोरात पळवू लागली की आम्ही डब्यावर खडू उभा करतो. दादाअब्बा काय करायचे, असे ती विचारतात. आम्ही सांगतो, शंटर होते.