पत आणि तारण

‘पत’ हा शब्द वर्गात समजावून सांगताना आम्ही नेहमी थोडे घुटमळतो. त्यात अब्रूही आहे आणि उधारीची मर्यादाही. माणसाची पत जाते तेव्हा नेमके काय जाते, हे बुलढाणा जिल्ह्यात राहून साहित्यापेक्षा बाजारातूनच आम्हाला अधिक कळले. (मराठी कादंबरीला सावकार भरपूर भेटले, लहान कारखानदार मात्र फारसा भेटला नाही. असो.)

चिखली तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका बाईंनी मिनी डाळमिल घातली. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. कर्ज मिळाले, यंत्र आले, शेडवर पाटी लागली. मात्र ते अनुदान यंत्रासाठी, तुरीसाठी नाही. पौष-माघात तूर बाजारात येते, तेव्हा रोख मोजून ती भरून ठेवता आली तरच वर्षभर मिल चालणार. या खेळत्या भांडवलासाठी बाई पुन्हा बँकेत गेल्या, तर तारण काय, हा प्रश्न आला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले होते. नियम कागदावर राहिला आणि जामीनदार शोधणे बाईंच्या वाट्याला आले. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आणि यंत्र तर आधीच गहाण.

जवळची म्हणावी अशी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. तिच्यावर २०१२ साली नव्या ठेवी घेण्यास बंदी आली. २०१४ साली केंद्राने देशातील २३ जिल्हा बँकांना सावरण्याची योजना मंजूर केली, त्यांत ही एक होती. उभी राहते न राहते तोच नोटाबंदी आली आणि १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेणेच मना झाले. जिची स्वतःची पत वारंवार पणाला लागली, तिने दुसऱ्याची पत कशी जोखावी?

उरल्या पतसंस्था. १९८६ साली स्थापन झालेली बुलढाणा अर्बन याच मातीतली. सोन्यावर, गोदामातल्या शेतमालावर कर्ज देण्यात तिने मोठा विस्तार केला. यात सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाव पतसंस्थेचे आणि काट्यावर चढते ते सोने, याची आम्हाला भाषेचे शिक्षक म्हणून गंमत वाटते. बाईंकडे चढवायला फक्त मंगळसूत्र होते. ते त्यांनी चढवले नाही.

सध्या त्या मजुरीवर दुसऱ्यांची तूर भरडून देतात. हप्ता त्यातून कसाबसा निघतो. गेल्या हंगामात शेजारच्या एका शेतकऱ्याने मात्र आठ पोती तूर त्यांच्या शेडमध्ये आणून टाकली. भाव त्या दिवशीचा, पैसे डाळ विकल्यावर. वहीत तारीख आणि वजन लिहिले आहे. सही कोणाचीच नाही.