सूर्याची तिकिटे

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मीच पहिला. आईला अक्षरओळख नाही. माझी पुस्तके ती नुसती पुसून ठेवते. पण सूर्याच्या पोस्टाच्या तिकिटांची वही मात्र मागून घेते. रोज सकाळी ज्याला हात जोडायचे, तो तिला कुठल्याही देशाच्या तिकिटावर ओळखता येतो. उरुग्वेच्या १८५६ च्या पहिल्या तिकिटावर नाकडोळ्यांचा सूर्य आहे. अस्सल तिकीट बापजन्मी परवडणार नाही, म्हणून मी त्याचे चित्र काढून लावले आहे.

परवा १९४९ चा कोणार्कचा घोडा पाहून आई अडली. "ह्यात सूर्य कुठाय रं?"

"घोडा सूर्याच्या देवळातला हाय."

तिने तिकिटावरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवले. "ह्यातलं सूर्याचं कुठलं?"

मी खाली पेन्सिलीने 'सूर्य' लिहिले. तिने ते बोटाने गिरवले. रफारापाशी बोट थांबले.