मुरलेली बाटली

२०१८ मध्ये बाबा बडोद्याहून शिकागोला आले, तेव्हा मी ‘ओल्ड रास्पुतिन’ या काळ्या स्टाउट बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. अल्कोहोल ९ टक्के. दारूबंदीच्या गुजरातेत आयुष्य काढलेल्या बाबांनी एक घोट घेतला. “यापेक्षा कारल्याचा रस बरा! दुसरी मुरू दे, पुढच्या खेपेला बघू.”

ती तळघरात, अंधारात उभी ठेवली. पुढची खेप झालीच नाही.

परवा त्यांच्या वाढदिवशी उघडली. हॉप्सचा कडूपणा काळाने ओसरतो, बुचातून झिरपणाऱ्या हवेने मनुका-खजुराची चव उतरते. तशीच लागली.

आईला फोनवर म्हटलं, “आज बाबांना आवडली असती.”

“नसती आवडली,” आई म्हणाली. “पण तुझ्यासाठी संपवली असती.”