मर्यादवेलीच्या मागोमाग

दिवस पहिला, वेंगुर्ले
एसटी दोन तास उशिरा. रिक्षा १५०, खोली ८००, थाळी २२०, पाणी ४०. टाचेला फोड आला. समुद्र फक्त ऐकला. झोपतो.

दिवस दुसरा, शिरोडा
बस चाळीस मिनिटं उशिरा. रिक्षा १८०, चहा-भजी ५०. फोड फुटला, पण दिवस सार्थकी लागला.
भरतीच्या रेषेवर पहिली भेटली ती मर्यादवेल. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळं फूल. मुळं बघावीत म्हणून एक फांदी ओढली, तर मागच्या घरातून एक आजी ओरडल्या, "उपटू नको रे झिला! ती गेली की वाळू चुलीत येतली."
मी ओशाळलो. फांदी होती तशी ठेवली. पेरापेराला मुळं होती. वाऱ्याने आलेली वाळू पानांशी अडते, वेल गाडली जाते, पुन्हा वर येते. अशीच ती टेकडी बांधते.
आजींनी भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी वाढली. पैसे घेतले नाहीत. जेवल्यावर परड्यात नेलं. वेलीमागे निरगुडी, मग केवडा आणि घराला सावली देणारी मोठी उंडी. उंडीच्या खोडावर हात ठेवून म्हणाल्या, "मी लगीन करून इलंय तेवा हयसर निरगुडीच होती." पाला कुजून वाळूची माती झाली, खारा वारा पुढच्या झुडपांनी अडवला, म्हणून उंडीला जागा झाली.

दिवस तिसरा, केरी
तेरेखोलची फेरी बराच वेळ आली नाही. टाच ठणकते. किनाऱ्यावर रावणाच्या मिशा या गवताचे काटेरी चेंडू वाऱ्यावर गडगडत होते, बी घेऊन निघालेले. मागे लावलेलं सुरूचं बन. खाली सुयांचा जाड थर, त्यातून जवळजवळ काहीच उगवलेलं नाही. सावली मिळाली, तरी मन लागलं नाही.

दिवस चौथा, मोरजी
चालताना वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काऊल्स आठवले. त्यांनी १८९९ साली मिशिगन सरोवराकाठच्या वाळूटेकड्यांबद्दल लिहिलं. पाण्यापासून आत चालत जावं, तसतशी जुनी टेकडी, जुनी वनस्पती. आजींच्या परड्यात मी तेच चाललो होतो, वेलीपासून उंडीपर्यंत.
इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्याच किनाऱ्यावर एके ठिकाणी टेकडी सपाट करून खाटा मांडलेल्या. फार वाईट वाटलं. पुढची वेल गेली, की मागच्या उंडीचाही आडोसा जातो.
खाटांच्या कडेने मर्यादवेलीची एक फांदी आत सरकली होती. वाकून पाहिलं. तीन पेरं, तिन्हींना मुळं. वळसा घालून परतलो.