बेड्यावरची लेकरं

जूनच्या अखेरीला काळ्या रानाला वाफसा येतो आणि वऱ्हाडातल्या शाळा उघडतात. आमचा उन्हाळा लांब, म्हणून घंटाही उर्वरित महाराष्ट्राच्या मागून वाजते. त्या दिवसांत बडनेऱ्याच्या फलाटावर माझी नजर गाडीच्या खिडक्यांखालून हात पसरत धावणाऱ्या लेकरांवर खिळते. एका पोरीला विचारलं, "शाळेत नाही जात काय माय?" ती म्हणाली, "आमचं नाव कोन टाकते?" आणि पुढच्या डब्याकडे पळाली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. जन्माचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शाळा परत पाठवू शकत नाही. सत्र निघून गेलं तरी नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत कोंबायचं नाही, त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागचं वेगळं शिकवायचं. आधारकार्डावाचूनही प्रवेश अडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं. अमेरिकेतही बेघर मुलांना कागदांवाचून ताबडतोब शाळेत घेणारा १९८७चा मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. तिथे मात्र प्रत्येक शिक्षण-जिल्ह्याला अशी मुलं शोधून काढायला एक माणूस नेमावा लागतो.

त्या माणसाचं मोल मला फार वाटतं. फलाटावरची पोरगी अर्ज घेऊन कुठल्याच कचेरीत जाणार नाही. तिची आईही नाही. सरकारी माणूस म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. ही भीती जुनी आहे. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, संशय राहिला. ज्या शिकारीवर पारध्यांचं पोट होतं ती १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, आणि जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. गावाबाहेर बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिथे, मग उठायचं आणि दुसऱ्या माळावर झोपड्या टाकायच्या. अशा घराचा पत्ता अर्जात काय लिहावा?

अमरावती जिल्ह्याला मुलं शोधत फिरणारा माणूस मिळाला, तो याच पारधी समाजातून. मतीन भोसले स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ती नोकरी सोडून २०१२ साली त्यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'. स्टेशनांवर भीक मागणारी मुलं गोळा केली, त्यांच्या पोटासाठी लोकांकडे धान्य मागितलं. बेघर लेकराची शाळा अशीच सुरू होते: आधी ताट, आधी अंथरूण, मग पाटी. २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात याच शाळेचं ग्रंथालय आणि वर्गखोल्या पाडल्या गेल्या. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या वाटेत नेमक्या त्या भिंती आल्या, ज्या या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाल्या होत्या. मला ते अजून सहन होत नाही.

गाडगेबाबा याच मातीतले. शेंडगावला जन्म, बाप गेल्यावर मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत वाढलेल्या देबूजीला, म्हणजे लहानपणच्या गाडगेबाबांना, शाळा मिळालीच नाही. पुढे हातावर भाकर खा पण पोरांना शिकवा, असं ते गावोगाव सांगत हिंडले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. मला त्याचा अभिमान आहे, म्हणूनच आजच्या देबूजीची काळजी वाटते.

मेळघाटातली कोरकू कुटुंबं तर दरवर्षी सुगीला खाली सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. तोवर लेकराचं नाव डोंगरातल्या शाळेच्या पटावर, लेकरू इथे हरभऱ्याच्या धुऱ्यावर. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी शिक्षणहक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेवर आणि नगरपालिकेवर टाकली आहे. मग मुक्काम पडला की जवळच्या शाळेतलं कुणीतरी तिथे पोचलं पाहिजे. त्या कामाचा वेळ आणि गाडीभाडं त्याला मिळालं पाहिजे. एखाद्या मास्तरच्या चांगुलपणावर ते सोडून चालणार नाही. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्टेशनांसाठी असाच एकेक नेमलेला माणूस हवा, आणि शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर लेकरांना रात्री झोपायला जागा.