पिल्लांचा पहिला अंधार

खुडूक कोंबडीनं काढलेली पिल्लं बाहेर न्यावी लागत नाहीत. दोन-तीन दिवसांत तीच त्यांना उकिरड्याकडे नेते, घटकाभर माती उकरते, मग पंखांखाली घेते आणि ऊब मिळाली की पुन्हा बाहेर सोडते. ऊन, वारा, माती सगळं त्यांना थोडं थोडं भेटतं. ब्रूडरमधल्या, म्हणजे बल्बच्या उबेवर वाढणाऱ्या पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्यायची, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचे. हा हिशोब बरोबरच आहे. पण त्यात फक्त ऊब मोजली जाते. बाकीची सगळी ओळख आपण एका दिवसावर ढकलतो, आणि पिल्लं दगावतात ती तिथं.

आमच्याकडे गिरिराज असते, बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये तयार झालेली, परसात फिरून खाणारी जात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिच्या पिल्लांची लव जाऊन पिसं भरतात. पंख आधी भरतात, त्यावर भरवसा ठेवू नये. मी पाठीवरची आणि मानेवरची पिसं बोटांनी उलटी करून चाचपते. तिथं अजून लव लागली तर पिल्लू ब्रूडरमध्येच राहतं, कॅलेंडर काही का म्हणेना.

आमच्या हिंडलगा गावची हवाही बघावी लागते. घाटमाथा जवळ असल्यानं पावसाळ्यात पश्चिमेकडून, चंदगडच्या बाजूनं येणारी झड तिरकी आत घुसते. पिसं भरलेलं कोरडं पिल्लू इथली हिवाळ्यातली रात्र काढतं. भिजलेलं पिल्लू जुलैत गारठून मरतं. म्हणून लोक खुराड्याला चहूकडून ताडपत्री बांधतात, आणि ते मला पटत नाही. आत विष्ठेचा उग्र वास कोंडतो, डोळे चुरचुरतात, पिल्लं घरघरायला लागतात. पश्चिमेची बाजू बंद करावी, पण छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवावी. दमट हवा पिल्लांच्या डोक्यावरून निघून गेली पाहिजे.

खरी कसोटी अंधाराची. बल्बखाली वाढलेल्या पिल्लानं रात्र पाहिलेलीच नसते. एकदम काळोख झाला की सगळी एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरतात. सकाळी बघणाऱ्याला वाटतं, थंडीनं गेली. ती भीतीनं गेलेली असतात. म्हणून चौथ्या आठवड्यापासून मी आधी दुपारी बल्ब बंद ठेवते, मग तिन्हीसांजेला बाहेरच्या उजेडाबरोबर विझवून थोडा वेळ जवळ थांबते, आणि सवय झाली की रात्रभर. अंधार नवा असेल तेव्हा जागा जुनी हवी, आणि जागा नवी असेल तेव्हा अंधार ओळखीचा हवा. खुराड्याचे कोपरेही पुठ्ठा वाकवून गोल करून घेते. ब्रूडरमधलं थोडं कोरडं भाताचं तूस आणि तीच खाद्याची भांडी सोबत नेते. खाद्यही त्या आठवड्यात बदलत नाही.

पिल्लं ब्रूडरमधून खुराड्यात हलवायची ती सकाळी, म्हणजे अख्खा दिवस हाताशी राहतो. पहिले काही दिवस दार बंदच. मग शेजारच्या आज्जींनी सांगितलेलं करायचं: "दिवस बुडायच्या जरा आधी सोड गं, लांब जात नाहीत." भूक आणि सांज दोन्ही त्यांना आत ओढतात. पुढे दार रोज थोडं लवकर उघडायचं.

मातीबरोबर रक्ती हगवण येते. तिचे जंतू ओलीत आणि उबेत पिकतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढायला हवं. माती थोडी थोडी भेटली तर पिल्लांच्या अंगी ताकद येते, हेही तितकंच खरं. मानमोडीची लस आणि जागाबदल एकाच दिवशी करू नये; दोन्हींचा ताण एकदम नको. मुंगसासाठी अर्ध्या इंचाची जाळी, खाली जमिनीत गाडलेली.

मोठ्या कोंबड्यांत मिसळायची घाई मी करत नाही. मध्ये जाळी ठेवून आधी नुसतं दिसू देते. मिसळल्यावर खाद्याची भांडी लांब लांब दोन ठेवते, आणि संध्याकाळी आत घेताना भित्र्या पिल्लाची गळ्याखालची पिशवी चाचपते. रिकामी लागली, तर ते पिल्लू पुन्हा जाळीपलीकडे.